जावरच्या भिंतींतली वांगी

भिंत दगडाची असते, विटांची असते, कुडाची असते. राजस्थानातल्या जावर गावात ती वांग्यांचीही असते. भाजलेल्या मातीची, वीत-दीड वीत लांबीची, एका बाजूला फुगीर आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली ही पोकळ वांगी आडवी रचून, मध्ये चिखल लिंपून इथे जुन्या घरांच्या भिंती उभ्या केल्या आहेत. गावाभोवती याच वांग्यांचे ढीग आहेत. ढीग कसले, टेकाडंच ती. त्यांच्यावर झुडपं उगवली आहेत, शेरडं चरतात आणि चालताना पायाखाली खापरं करकरतात.

उदयपूरपासून दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या रांगांत टीडी नदीच्या काठी जावर वसलं आहे. गावाची देवी जावरमाता. राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने बांधवलेलं देऊळ आणि रामकुंड इथे आहे. कोरीव काम केलेली जैन देवळंही आहेत. एवढ्याशा डोंगराळ गावात इतकी देवळं बांधायला पैसा कुठून आला, याचं उत्तर त्या वांग्यांत आहे. ती म्हणजे जस्त गाळण्याच्या मुशी.

जस्त म्हटलं की आपल्याला बादली, घमेलं आणि छपराचा पत्रा आठवतो. खरं तर बादली लोखंडाची. जस्ताचा तिच्यावर पातळ मुलामा असतो. कोकणच्या पावसात पत्रा तग धरतो तो त्या मुलाम्याच्या जिवावर. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. बिदरीच्या काळ्या सुरईतही तांबं थोडं आणि जस्तच फार. इतका ओळखीचा हा धातू, पण तो दगडातून सोडवणं महाकठीण. तांबं किंवा शिसं भट्टीत वितळून तळाशी जमतं. जस्त तसं हाती लागत नाही. त्याचं खनिज कोळशाबरोबर तापवायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे धातू सुटतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की पुन्हा तिची पांढरी राख होते.

जावरच्या कारागिरांनी ही वाफ पकडली. भाजलेलं खनिज, डोलोमाइट, कोळसा आणि मीठ असं मिश्रण ते मुशीत भरत. मुशीच्या तोंडाला मातीची नळी जोडत आणि मूस उलटी करून, तोंड खाली ठेवून भट्टीत बसवत. उलट्या मुशीतलं मिश्रण सांडू नये म्हणून आत एक काडी खोचलेली असे. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला उतरायला वाट तयार होई. तोवर मिश्रण घट्ट झालेलं असे. एका भट्टीत सहा ओळींत सहा-सहा अशा छत्तीस मुशी. वर विस्तव, मध्ये भोकांची जाळी, खाली थंड कप्पा. नळीतून उतरलेली वाफ खालच्या भांड्यात थिजे. अशा भट्ट्या ओळीने, एकाच वेळी पेटत.

रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथात जस्त काढण्याची कृती आहे आणि त्यातल्या मुशीचं नावच वृन्ताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ छापला होता. ग्रंथातली मूस आणि जावरच्या टेकाडातली मूस एकाच कुळातल्या, याचा पुरावा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आला. हिंदुस्तान झिंक, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून इथे उत्खनन केलं आणि १९८३च्या सुमारास मुशी जागच्या जागी असलेल्या अखंड भट्ट्या सापडल्या. अमेरिकेतल्या एएसएम या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने १९८८मध्ये जावरला धातुविद्येचं ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने वाफ खाली उतरवून जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८मध्ये. तोवर जावरच्या भट्ट्यांना काही शतकं उलटली होती.

खाणी तर त्याहून जुन्या. डोंगराच्या पोटात सापडलेल्या लाकडांचं वय दोन हजार वर्षांच्या पुढे जातं. सुरुवातीचा शोध चांदीचा आणि शिशाचा होता. खडकाला भिडवून लाकडं पेटवायची, तापलेला खडक तडकला की छिनीने सोलून काढायचा, ही तेव्हाची रीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राणा लाखाच्या काळात खाणी पुन्हा भरभराटीला आल्या असं मेवाडचा इतिहास सांगतो. अबुल फझलने आईन-इ-अकबरीत जस्ताची खाण म्हणून जावरचं नाव नोंदलं आहे. पुढे अठराव्या शतकात मेवाड खिळखिळा झाला. त्यात शिंदे-होळकरांच्या फौजांचा वाटा मोठा होता, हे मराठी वाचकाने इथे उभं राहून आठवायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्ट्या विझल्या. धातू केव्हाच देशोदेशी गेला होता. गावाकडे उरल्या त्या वापरून टाकलेल्या मुशी, आणि लोकांनी त्यांच्या भिंती केल्या.

आज जावरची खाण पुन्हा चालू आहे. हिंदुस्तान झिंक ही कंपनी १९६६मध्ये सरकारी म्हणून स्थापन झाली आणि २००२मध्ये तिची सूत्रं खासगी हाती गेली. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या तिच्या इथल्या चार भूमिगत खाणी. आता लाकडं पेटवत नाहीत. यंत्राने भोकं पाडून सुरुंग लावतात आणि उतरत्या बोगद्यांतून डंपर थेट पाताळात जातात. २०१९पर्यंत भूमिगत खाणीत बाईला कामावर ठेवायला कायद्याने बंदी होती. ती उठल्यावर अभियंता मुलीही डोक्याला दिवा लावून खाली उतरू लागल्या.

इथला खडक काही फार श्रीमंत नाही. शंभर किलो दगडात जस्त आणि शिसं मिळून मोजकेच किलो. बाकी सगळा दगड. तो पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, औषधं घालून फेस आणायचा. धातूचे कण फेसाला चिकटून वर येतात, दगडाचं पीठ खाली राहतं. वरचा माल उदयपूरजवळच्या देबारीच्या कारखान्यात जातो. तिथे तो भाजतात, त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचं आम्ल करतात, आणि मग द्रावणातून वीज सोडून जस्ताचे पत्रे उतरवतात. एक टन जस्ताला या टप्प्यावर तीन हजार युनिटांच्या घरात वीज खर्ची पडते. जुन्या भट्ट्यांनी आसपासचं रान खाल्लं. आजची भट्टी वीज खाते. म्हणून ती वीज सूर्याची की दगडी कोळशाची, यावर आता जस्ताचा बरेवाईटपणा जोखला जातो.

खाली राहिलेल्या पिठाचं काय? जगभरच्या खाणींसमोरचा आजचा मोठा प्रश्न हाच आहे. आजवरची पद्धत सोपी होती: पाण्यासकट गाळ बंधाऱ्यामागे सोडून द्यायचा. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचा असा बंधारा २५ जानेवारी २०१९ रोजी फुटला आणि २७० माणसं गाडली गेली. त्यानंतर ही पद्धत कुणालाच निर्धास्तपणे वापरता आलेली नाही. जावरला आता गाळ यंत्रात दाबून त्यातलं पाणी पिळून काढतात आणि कोरडा चोथा थरांवर थर रचून ठेवतात. पिळलेलं पाणी पुन्हा कारखान्यात जातं. मेवाडात पाण्याची किंमत सांगायला नको. अशा खाणींत गाळाचा काही भाग सिमेंट मिसळून पोकळ झालेल्या दालनांत परत भरण्याची रीतही रूढ होते आहे. डोंगरातून काढलेलं डोंगरालाच परत.

देबारीसारख्या कारखान्यांतून निघणारा लोहयुक्त पिवळसर चोथा, ज्याला जॅरोसाइट म्हणतात, त्यात चुना आणि सिमेंट मिसळून तो रस्त्याच्या भरावाला वापरला जातो. जुने ढीग पुन्हा उपसून त्यात सुटलेला धातू काढण्याच्या योजनाही आखल्या जात आहेत, कारण कालच्या यंत्रांना जे गाळता आलं नाही ते आजच्या यंत्रांना जमतं. आणि गंमत अशी की जस्ताची जुनी खोड या नव्या उद्योगाच्या कामी येते. मुलामा दिलेलं भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं की जस्त वाफ होऊन उडतं आणि भट्टीच्या धुळीत जमतं. ती धूळ गोळा करून, पुन्हा तापवून, जस्त परत मिळवतात. जावरचा कारागीर ज्या वाफेच्या मागे लागला होता, तिच्याच मागे आजचा भंगारवाला कारखानदार आहे.

जावरला जायचं तर उदयपूर गाठावं. अहमदाबादच्या महामार्गाने जाऊन आत वळता येतं, किंवा असारवा-उदयपूर मार्गावरच्या जावर स्थानकावर उतरता येतं. हिवाळा बरा. खाणीत अर्थातच परवानगीशिवाय जाता येत नाही, पण खरं पाहण्यासारखं उघड्यावरच आहे. रामकुंडापाशी थांबावं, देवळं पाहावीत आणि मग एखाद्या जुन्या भिंतीजवळ जावं. मूस मात्र खिशात घालून आणू नये.

भिंतीतली बरीच वांगी फुटकी आहेत. काहींच्या तोंडात नळीचा तुकडा अजून अडकलेला दिसतो. आत बोट घातलं तर मधोमध, जळून गेलेल्या काडीने सोडलेली वाट हाताला लागते. वाफ गेली ती त्याच वाटेने. मूस मागे राहिली, आणि अजून कुणाच्या तरी घराचा वारा अडवते आहे.