एका दुपारची ठेव

शनिवारचे ऊन कलू लागले, की चेन्नईतील एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यात शिट्टी वाजते. गळ्यात स्कार्फ बांधलेली वीस-पंचवीस मुले धावत येतात आणि घोड्याच्या नालेच्या आकारात उभी राहतात. ध्वज फडकतो, प्रार्थना होते आणि संघनायक आपापल्या संघाची हजेरी देतात. शाळेचा गणवेश नाही, गुणपत्रिका नाही, शिकवणीची फीही नाही. समोर उभा असलेला स्काऊट मास्टर आठवडाभर कुठल्याशा कार्यालयात किंवा कारखान्यात राबून आलेला असतो. या कामाचा त्याला एक पैसाही मिळत नाही.

स्काऊट म्हटले, की बहुतेकांना शाळेतील पथक आठवते. परंतु भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या रचनेत आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे मुक्त पथकाचा. हे पथक कोणत्याही शाळेला जोडलेले नसते. एखादे गाव, वस्ती किंवा पेठ यांतील काही प्रौढ माणसे एकत्र येतात, जिल्हा संस्थेकडे नोंदणी करतात आणि आसपासच्या मुलांसाठी पथक चालवतात. शाळेच्या पथकामागे इमारत, शिपाई आणि वेळापत्रक उभे असते. मुक्त पथकामागे उभी असते ती केवळ काही माणसांची इच्छा. म्हणूनच अशा पथकाचे वर्ष कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे.

मद्रासचा वारसा

चेन्नईत या विषयाला एक जुना संदर्भ आहे. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरवले. दोनच वर्षांत, १९०९ साली, बंगळूरमध्ये भारतातील पहिले स्काऊट पथक निघाले. मात्र ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. शिस्त, संचलन आणि माग काढण्याची विद्या भारतीय मुलांच्या हाती दिली, तर ती उद्या राज्यकर्त्यांविरुद्धच वापरली जाईल, अशी भीती सरकारला वाटत होती.

या बंद दारावर थाप मारणाऱ्यांत मद्रास आघाडीवर होते. डॉ. ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ च्या सुमारास येथे 'इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन' स्थापन केली. टोपीऐवजी फेटा आणि इंग्रजी गाण्यांऐवजी भारतीय गीते, असे तिचे स्वरूप होते. सरकारी मान्यता नव्हती आणि लंडनची सनदही नव्हती. पुढच्याच वर्षी, १९१७ च्या जूनमध्ये, होमरूल चळवळीमुळे बेझंट आणि अरुंडेल या दोघांनाही सरकारने स्थानबद्ध केले. त्यांची सुटका सप्टेंबरमध्ये झाली. संस्थेचे वय जेमतेम वर्षाचे असताना संस्थापकच दूर नेले गेले, तरीही संस्था टिकली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ साली सेवा समितीचे स्काऊट कार्य उभे केले, तेही याच जिद्दीने.

अखेर १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा भारतीय मुलांना वगळणे योग्य नव्हते हे मान्य झाले. बेझंट यांची संस्था मुख्य संघटनेत विलीन झाली आणि त्यांना भारतासाठीचे मानद आयुक्तपद देण्यात आले. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. स्वातंत्र्यानंतर देशातील वेगवेगळ्या स्काऊट संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संघटना झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. थोडक्यात, सरकारने दिले नाही ते स्वयंसेवकांनी उभारून दाखवले आणि मग जगाने ते स्वीकारले.

जून : नवी पाखरे

मुक्त पथकाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते सुरू होते शाळा उघडतात तेव्हा, म्हणजे जूनमध्ये. स्काऊट मास्टरपुढचा पहिला प्रश्न साधाच असतो, गेल्या वर्षीची किती मुले परत आली? कुणाच्या वडिलांची बदली झालेली असते, तर कुणी वरच्या वर्गात गेल्यामुळे शिकवणीत अडकलेला असतो. पथकात सहा ते आठ मुलांचा एक संघ, असे दोन ते चार संघ असतात. संघाचा नायक मुलांमधलाच असतो. त्यामुळे एक अनुभवी संघनायक गेला, तर साऱ्या संघाची घडी विसकटते.

नव्याने आलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आधी वचन आणि नियम समजून घ्यावे लागतात. डाव्या हाताने हस्तांदोलन का करायचे, ध्वज कसा बांधायचा आणि उतरवायचा, रोज एक सत्कृत्य म्हणजे नेमके काय, हे तो शिकतो. त्यानंतर दीक्षाविधी होतो. सर्वांसमोर हात उंचावून वचन उच्चारताना त्याचा आवाज किंचित कापतो आणि गळ्यात स्कार्फ पडताच मान ताठ होते. मागे उभ्या असलेल्या आईवडिलांना आपला मुलगा प्रथमच स्वतःच्या शब्दाने बांधला जाताना दिसतो.

मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या सुरू होतात. दोरीच्या गाठी, होकायंत्र, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि चूल पेटवून रांधणे हे सारे हातांनी शिकायचे असते. दोन दोऱ्या जोडणारी साधी गाठही चुकीची बसली, की ओढताच सुटते. तेथे पाठांतर कामास येत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर : पावसाची परीक्षा

महाराष्ट्रात पाऊस निरोप घेतो, तेव्हा चेन्नईत तो येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पाऊस मैदानातील दुपारी बुडवतो. तेव्हा पथक एखाद्या ओसरीत किंवा सभागृहात भरते आणि प्रथमोपचाराचे पाठ गिरवले जातात. ७ नोव्हेंबरचा स्थापनादिनही याच दिवसांत येतो.

हे पाठ किती खरे आहेत, याची या शहराला वारंवार आठवण झाली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारच्या सकाळी, त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांत शिरल्या. २०१५ च्या डिसेंबरच्या पहिल्या दिवशी तांबरम भागात एका दिवसात सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला आणि अड्यार नदीने दोन्ही काठांवरची घरे गिळली. पाठोपाठ २०१६ च्या डिसेंबरात वरदा चक्रीवादळाने शहरातील असंख्य झाडे उन्मळून टाकली.

अशा संकटात लहान मुलांना पाण्यात उतरवायचे नसते, हे चांगला स्काऊट मास्टर पहिल्यांदा शिकवतो. धाडस आणि अविचार यांतील सीमारेषा त्याने आधीच आखून दिलेली असते. परंतु पाणी उकळून पिणे, साखर-मिठाचे पाणी योग्य प्रमाणात करणे, जखम स्वच्छ करून बांधणे, शेजारच्या वृद्धांची यादी ठेवणे आणि शिधा मोजून पुडक्यांत भरणे, ही कामे बारा वर्षांचा मुलगाही नेटकेपणाने करू शकतो. 'तयार राहा' हे ध्येयवाक्य भिंतीवर लिहिण्यासाठी नसते. पाणी दाराशी येण्यापूर्वी कुणी काय करायचे, हे ठाऊक असणे म्हणजे तयारी.

जानेवारी आणि फेब्रुवारी : खरी कमाई

पोंगलच्या सुमारास हवा कोरडी होते आणि पथक पुन्हा मोकळ्यावर येते. किनाऱ्याच्या पायी सहली निघतात. याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे चेन्नईच्या वाळूत अंडी घालण्यास येतात. येथील विद्यार्थ्यांनी १९८८ पासून चालवलेल्या कासवसंरक्षणाच्या कार्यात स्वयंसेवक नीलांकरै ते बेझंट नगर हा किनारा रात्री पायी तुडवतात आणि अंडी सुरक्षित जागी हलवतात. प्राणिमात्रांशी मैत्री हा स्काऊटचा एक नियम आहे. तो समजावून सांगण्यासाठी याहून चांगला वर्ग कोणता मिळणार?

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही परिचित असलेला एक उपक्रम पथके राबवतात, तो म्हणजे 'खरी कमाई'. मुलांनी मागून नव्हे, तर काम करून पैसे मिळवायचे. कुणी वाहने धुतो, कुणी बागेची साफसफाई करतो, कुणी स्वतः केलेल्या वस्तू किंवा खाद्यपदार्थ विकतो. रक्कम लहानच असते. परंतु घामाने मिळवलेली दहा रुपयांची नोट मुठीत धरणाऱ्या मुलाला पैशाचा जो अर्थ कळतो, तो पुस्तकातून कळणे अवघड असते.

या उपक्रमामागचा विचार चळवळीइतकाच जुना आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली स्काऊटचे जे मूळ नियम लिहिले, त्यांत काटकसरीचा नियम होता. त्याचा आशय असा, की स्काऊटने जमेल तेवढे पैसे वाचवून बँकेत ठेवावेत, म्हणजे अडचणीच्या दिवसांत तो इतरांवर भार होणार नाही आणि गरजूला काही देऊही शकेल. त्या काळी इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीचे पदक मिळवण्यासाठी मुलाच्या नावावर बचत बँकेत किमान सहा पेन्स असावे लागत आणि पहिल्या श्रेणीसाठी एक शिलिंग. भारतातील स्काऊटच्या नऊ नियमांतही काटकसर आपले स्थान राखून आहे. बचत ही कंजुषी नसून स्वावलंबनाची आणि दातृत्वाची पूर्वतयारी आहे, हा धडा मुले येथे गिरवतात. खरी कमाईचा हिशेबही त्यांच्यासमोरच होतो. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे उघडपणे वाचून दाखवले, की विश्वास नावाची गोष्ट आपोआप शिकवली जाते.

मार्च ते मे : परीक्षा आणि डोंगर

२२ फेब्रुवारीला बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस साजरा होतो आणि त्यानंतर परीक्षांचे सावट पडते. मार्चमधील दुपारी ओस पडतात. मुक्त पथकाची खरी कसोटी याच काळात असते. राज्य पुरस्कार किंवा राष्ट्रपती पुरस्कार यांसाठी काही वर्षांची सलग साधना लागते. ती फळास येण्याच्या वयातच दहावीचे वर्ष येते. पालक काळजीने विचारतात, "सर, हे सारे पुढे उपयोगी पडेल का?" स्काऊट मास्टरकडे याचे आकड्यांत उत्तर नसते.

उत्तर मिळते ते मे महिन्यातील शिबिरात. चेन्नईचा उन्हाळा मागे टाकून पथक येलगिरीसारख्या डोंगरावर जाते. तंबू मुलेच उभारतात, भात मुलेच शिजवतात. पहिल्या दिवशी तो करपतो. दुसऱ्या दिवशी कच्चा राहतो. तिसऱ्या दिवशी मात्र बरा होतो आणि त्या भाताची चव घरच्या मेजवानीला येत नाही. घरी पाण्याचा पेलाही न उचलणारा मुलगा रात्री दमलेल्या सोबत्याची भांडी घासून ठेवतो. त्याला कुणी सांगितलेले नसते. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी होतात, नाटुकली होतात आणि निखारे विझेपर्यंत कुणाला उठावेसे वाटत नाही.

पुढच्या जूनचा प्रश्न

शिबिराहून परतल्यावर वर्षाचा ताळेबंद मांडला जातो. किती बैठका झाल्या, किती मुले कोणत्या सोपानावर पोहोचली, निधीत किती उरले, हे सारे लिहिले जाते. परंतु एका प्रश्नाचे उत्तर वहीत नसते. पुढच्या वर्षी शिट्टी कोण वाजवणार? स्काऊट मास्टर होण्यासाठी प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षण शिबिरे पूर्ण करावी लागतात. त्यासाठी रजा खर्ची पडते. संसार वाढतो, नोकरी बदलते, गुडघे कुरकुरू लागतात. शाळेत शिक्षक निवृत्त झाला, तर दुसरा नेमला जातो. येथे नेमणूक करणारे कुणी नाही. एका माणसाने हात काढून घेतला, की पथक नोंदवहीतच उरते.

म्हणूनच जाणते स्काऊट मास्टर मुलांइतकीच काळजी रोव्हरांची घेतात. सतरा-अठरा वर्षांचे जे तरुण स्काऊट वयाची मर्यादा ओलांडूनही पथकात रेंगाळतात, त्यांना हळूहळू एकेक जबाबदारी सोपवली जाते. आज गाठी शिकव, उद्या हजेरी घे, परवा सहलीची आखणी कर. बऱ्याच पथकांचा पुढचा स्काऊट मास्टर असाच, शेवटच्या रांगेतून येतो.

अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात शतकानुशतके उभा असलेला एक प्रख्यात वटवृक्ष आहे. १९८९ च्या वादळात त्याचे मूळ खोड कोसळले. वृक्ष मात्र मेला नाही. कारण त्याच्या पारंब्या तोवर जमिनीत शिरून स्वतःच खोडे झाल्या होत्या. बेझंट यांनी ज्या शहरात स्काऊट कार्याचे बीज पेरले, त्या शहरातील मुक्त पथकेही अशाच पारंब्यांवर उभी आहेत.

आठवड्यातील एक दुपार ही तशी फार मोठी रक्कम नव्हे. परंतु ती वर्षानुवर्षे नियमाने जमा केली, तर तिच्या व्याजावर एक सबंध पिढी उभी राहू शकते. पुढच्या जूनमध्ये मैदानाच्या त्या कोपऱ्यात पुन्हा शिट्टी वाजेल. कदाचित ती वाजवणारा हात तरुण असेल आणि गेल्या वर्षापर्यंत तो हजेरी देणाऱ्यांच्या रांगेत उभा असेल.