संगणकासाठी जलशीतन : पहिल्या जोडणीपूर्वीचा हिशेब

वीज आणि पाणी एकमेकांपासून दूर ठेवावे, हा धडा प्रत्येक घरात लहानपणीच दिला जातो. तरीही आपल्या संगणकाच्या पेटीत, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या अगदी अंगावरून, पाणी खेळविणारे हौशी जगभर आहेत आणि भारतातही आहेत. सुटे भाग निवडून स्वतः जोडलेल्या या व्यवस्थेला ‘कस्टम लूप’ म्हणतात. ती नीट जमली, तर अवजड कामाच्या वेळीही संगणक थंड व शांत राहतो. फसली, तर एका सैल जोडणीपायी लाखाच्या घरातील यंत्रसामग्री निकामी होऊ शकते. यातील बहुतेक चुका पेच आवळताना होत नाहीत; त्या खरेदीपूर्वी, कागदावर हिशेब न केल्यामुळे होतात.

पाणीच का?

१९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर १५ वॉटच्या आसपास उष्णता निर्माण करीत असे. २०२२ मधील एएमडी रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली २३० वॉटपर्यंत वीज घेतो, तर त्याच वर्षी आलेल्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॉट आहे. ही जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालले, तर लहानशा खोलीत ६८० वॉटची शेगडी पेटविल्यासारखेच ते असते.

ही उष्णता वाहून नेण्यास पाणी उत्तम आहे. तापमानातील सारख्याच वाढीसाठी ठरावीक आकारमानाचे पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. मोठ्या संगणकांच्या जगात हे फार पूर्वीच ओळखले गेले होते. आयबीएमच्या १९८० मधील ३०८१ या संगणकात पाण्याने शीतनाची सोय होती, तर अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५ च्या सर्वांत वेगवान प्रकारासाठी द्रवशीतनाचा अवलंब केला.

मात्र एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. माठातील पाणी बाष्पीभवनामुळे भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. संगणकाच्या बंदिस्त नळ्यांत बाष्पीभवन होत नाही. मोटारीच्या रेडिएटरप्रमाणे येथेही उष्णता फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली जाते आणि अखेर खोलीतील हवेतच सोडली जाते. त्यामुळे अशा व्यवस्थेतील पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरण्याची भीती नसते, ती याच कारणाने. पण याचा अर्थ असाही होतो, की नागपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंश असेल, तर पाणी ५० अंशांच्या घरात जाईल. जलशीतन हा वातानुकूलनाचा पर्याय नव्हे.

पहिला हिशेब : वॉट आणि रेडिएटर

नियोजनाचा प्रारंभ उष्णतेच्या बेरजेने करावा. ज्या भागांवर पाणी फिरवायचे आहे, त्यांची कमाल वीज उत्पादकाच्या माहितीपत्रकातून घ्यावी आणि बेरीज मांडावी. त्यानंतर रेडिएटर निवडावा. रेडिएटरचे आकार पंख्यांच्या मापावर ठरतात : १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसणारा २४०, तीन बसणारा ३६०, १४० मिलिमीटरच्या पंख्यांसाठी २८० व ४२०. पंखे मध्यम गतीने फिरत असताना १२० मिलिमीटरच्या प्रत्येक खणामागे सुमारे १०० वॉट, असा ठोकताळा हौशी मंडळी वापरतात. त्यानुसार ६८० वॉटसाठी ३६० चे दोन रेडिएटर, म्हणजे सहा खण, असले तर प्रत्येक खणाच्या वाट्याला ११३ वॉट येतात. पंख्यांची गती थोडी वाढविल्यास हे निभावते. शिवाय प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण भारावर असण्याचे प्रसंग थोडेच येतात. एकच २४० चा रेडिएटर लावून दोन्ही भाग थंड ठेवण्याचा प्रयत्न केला, तर पंख्यांचा कर्कश आवाज पदरी पडतो आणि एवढ्या खर्चाचा हेतूच हरवतो.

रेडिएटर पेटीत मावतो का, हे पाहताना त्याच्या जाडीत पंख्याचे २५ मिलिमीटर मिळवावेत. ३० मिलिमीटरचा रेडिएटर प्रत्यक्षात ५५ मिलिमीटर जागा अडवितो. पेटीच्या वरच्या बाजूला तो मेमरीच्या उंच पट्ट्यांना किंवा मदरबोर्डवरील धातूच्या शीतकांना अडत नाही ना, हे फूटपट्टीने मोजून खात्री करावी. दाट पात्यांमधून हवा ढकलू शकणारे, म्हणजे अधिक स्थैतिक दाब देणारे पंखे निवडावेत.

दुसरा हिशेब : प्रवाहाचा क्रम

नवख्यांना नेहमी पडणारा प्रश्न असा, की पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे? दोहोंच्या मध्ये रेडिएटर हवाच का? याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. पाणी मिनिटाला ४ लिटर या वेगाने फिरत असेल, तर ४०० वॉट उष्णता घेऊनही एका फेरीत ते जेमतेम १.४ अंशाने तापते. म्हणजे वर्तुळातील सर्वांत गरम आणि सर्वांत थंड पाण्यात फरक फारच थोडा असतो. त्यामुळे भागांचा क्रम नळ्यांच्या सोयीने ठरवावा. लहान व सरळ मार्ग हाच चांगला मार्ग.

या नियमाला एकच महत्त्वाचा अपवाद आहे. पाण्याची टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा उंचावर असली पाहिजे. पंपाला वंगण व शीतन त्या पाण्यातूनच मिळते. तो काही काळ जरी कोरडा चालला, तरी खराब होऊ शकतो. म्हणून पहिल्या जोडणीसाठी पंप व टाकी एकत्र असलेला संच घेणे श्रेयस्कर. १२ व्होल्टवर चालणारे डी-५ आणि डीडीसी हे पंपांचे दोन प्रकार या क्षेत्रात रूढ आहेत.

प्रोसेसरच्या वॉटर ब्लॉकमध्ये पाणी आत घेण्याचे व बाहेर सोडण्याचे तोंड ठरलेले असते. ते उलट जोडू नये. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक तर कार्डाच्या नेमक्या प्रतिरूपासाठीच बनविलेला असतो. एकाच चिपवर आधारलेल्या दोन कंपन्यांच्या कार्डांची सर्किट-पट्टी वेगळी असू शकते. मूळ पंखा काढल्याने कार्डाची हमी संपुष्टात येते काय, हेही खरेदीपूर्वीच वाचून घ्यावे.

तिसरा हिशेब : धातू, नळ्या आणि जोडण्या

एकाच पाण्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले, की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. याला गॅल्व्हानिक क्षरण म्हणतात. ही क्रिया संथ व अदृश्य असते. लक्षात येते तेव्हा रेडिएटरला भोक पडलेले असते किंवा ब्लॉकच्या बारीक खाचा गाळाने भरलेल्या असतात. म्हणून तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेले तांबे एवढेच धातू वापरावेत. स्वस्त रेडिएटर अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. आवेष्टनावरील मजकूर वाचण्याचा आळस येथे महागात पडतो.

नळ्या दोन प्रकारच्या असतात. अ‍ॅक्रिलिक किंवा पीईटीजीच्या कडक नळ्या दिसायला देखण्या असतात. पण त्या गरम करून वाकवाव्या लागतात आणि मापात थोडीही चूक चालत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी मऊ नळ्या बऱ्या. त्यांतही पारदर्शक पीव्हीसीमधील मृदुकारक द्रव्य काळाच्या ओघात पाण्यात उतरून ब्लॉकमध्ये साचू शकते. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्यांमध्ये हा दोष नसतो. नळीचा आतील व बाहेरील व्यास, उदाहरणार्थ १० आणि १६ मिलिमीटर, फिटिंगच्या मापाशी तंतोतंत जुळला पाहिजे.

फिटिंगची संख्या मोजण्याची रीत सोपी आहे. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर आणि पंपासह टाकी असे पाच घटक वर्तुळात जोडले, तर नळ्यांचे पाच तुकडे आणि त्यांच्या टोकांसाठी दहा फिटिंग लागतात. त्यांत सर्वांत खालच्या बिंदूवर पाणी सोडण्यासाठी एक झडप व तिची जोडणी मिळवावी. ही झडप आरंभी अनावश्यक वाटते. पण वर्षभराने पाणी बदलताना ती नसेल, तर भरलेली पेटी उलटी करण्याची वेळ येते. या क्षेत्रातील बहुतेक भागांना जी-१/४ मापाचे आटे असतात. फिटिंग हातानेच आवळावे. पान्याने जोर लावल्यास ओ-रिंग चेपते किंवा अ‍ॅक्रिलिकला तडा जातो.

पाणी कोणते?

नळाचे पाणी वापरू नये. घरगुती आरओ यंत्राचे पाणीही चालत नाही, कारण त्यात क्षार उरलेले असतात. ऊर्ध्वपातित पाण्यात शेवाळरोधक व क्षरणरोधक मिसळावे किंवा तयार शीतक द्रव घ्यावा. दुधासारखे अपारदर्शक रंगीत द्रव छायाचित्रात शोभून दिसतात. मात्र त्यांतील सूक्ष्म कण कालांतराने खाचांमध्ये बसतात. ‘विद्युतरोधक’ अशी जाहिरात असलेल्या द्रवावरही विसंबून राहू नये. धातूंच्या संपर्कात काही काळ फिरल्यावर त्यात आयन मिसळतात आणि तो वीज वाहू लागतो. गळतीपासून खरे संरक्षण एकच : गळती होऊ न देणे.

चाचणीचे चोवीस तास

नवे रेडिएटर आधी ऊर्ध्वपातित पाण्याने खळखळून धुवावेत. त्यांत निर्मितीच्या वेळचे अवशेष असतात. जोडणी पूर्ण झाल्यावर हातपंपाने हवा भरून दाब टिकतो का, ते पाहता येते. पाणी भरण्यापूर्वीच दोष कळतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ. त्यानंतर मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि अन्य सर्व भागांच्या वीजजोडण्या काढून केवळ पंप चालू करावा. वीजपुरवठा संच मदरबोर्डशिवाय सुरू करण्यासाठी २४ पिनांच्या जोडणीत बसणारा छोटा प्लग बाजारात मिळतो. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागदी रुमाल ठेवून व्यवस्था चोवीस तास चालू ठेवावी. या काळात पेटी हळूच कलती करून अडकलेले बुडबुडे टाकीकडे आणावेत. टाकीतील पातळी थोडी खाली गेली, तर ती गळतीच असेल असे नाही. बुडबुड्यांची जागा पाण्याने घेतल्यानेही तसे होते. खरा निर्णय कागदी रुमाल देतात. ते कोरडे राहिले, तरच इतर भागांना वीज द्यावी.

खरोखरच गरज आहे का?

पत्रव्यवहार, अभ्यास किंवा साध्या खेळांसाठीच्या संगणकाला या खटाटोपाची आवश्यकता नाही. हवेचा चांगला कूलर अनेकपट स्वस्त असतो, त्याला पाणी बदलावे लागत नाही आणि त्यात बिघाड झालाच तर तो बहुधा एका पंख्यापुरता असतो. कारखान्यातच बंदिस्त केलेला तयार जलशीतक हाही मधला मार्ग आहे. ज्यांचा संगणक तासन् तास चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमिती चित्रांची निर्मिती करतो, ज्यांना ते काम शांततेत हवे आहे आणि वर्षातून एक सुटीचा दिवस देखभालीसाठी देण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. अशांनी खरेदीची घाई करू नये. कोऱ्या कागदावर पेटीची आकृती काढावी, वॉट, मिलिमीटर व फिटिंग मोजावीत आणि पाण्याची एक फेरी पेन्सिलीने पूर्ण करून पाहावी. त्या रेषेला जेथे अडथळा येईल, तेथेच पुढे नळीलाही येणार असतो. फरक इतकाच, की कागदावरील चूक खोडरबराने पुसता येते.