संगणकाचा पहारेकरी

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याहून सांगलीला माझ्या भाच्याकडे गेलो होतो. भाच्याचा हळदीचा व्यापार आहे. दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब, शेतकऱ्यांची देणी-येणी आणि घरातील छायाचित्रे त्याने घरच्या एका जुन्या संगणकात साठवून ठेवली होती. हा संगणक त्या दिवसांत फार मंद झाला होता. सकाळी कळ दाबावी, स्नान उरकून यावे, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतच असे. "मामा, याला व्हायरस लागला आहे म्हणतात. सगळे पुसून टाकावे लागेल," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. कारण सगळे पुसायचे म्हणजे हिशेबही जाणार होता.

त्याचा मुलगा सातवीत शिकतो. दुपारी तो मला माडीवर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, संगणक मंद वाटू लागला म्हणून मीच त्यात दोन अँटिव्हायरस घातले. तरी सुधारेना. मग पडद्यावर धोक्याची सूचना आली, तेव्हा तीत सांगितलेला तिसराही घातला. बाबांना अजून सांगितलेले नाही."

त्याने हे सांगितले ते फार बरे झाले. रोग्याने कोणकोणती औषधे घेतली आहेत हे कळल्यावाचून वैद्याला उपचार करता येत नाहीत. त्या दुपारी आम्ही जे पाहिले व जे ठरवले, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

प्रथम, विषाणू म्हणजे काय? संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. त्याला क्रमवार सूचना द्याव्या लागतात. अशा सूचनांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. विषाणू हीदेखील एक आज्ञावलीच होय. परंतु ती मालकाच्या नकळत आत शिरते, स्वतःच्या प्रती काढते आणि एका संगणकातून दुसऱ्यात पसरते. कोणी माहिती पुसतो, कोणी चोरतो, तर कोणी ती कुलूपबंद करून खंडणी मागतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. त्या काळी माहिती फ्लॉपी नावाच्या पातळ चकतीवर ठेवून हातोहात नेत असत आणि विषाणूही तिच्याबरोबरच प्रवास करीत.

विषाणू पसरवणारे दोघे भाऊ होते, तसे त्यांना आवरणारे दोघे भाऊ आपल्याकडेही निघाले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर हे कैलास काटकर यांचे जन्मगाव. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम धरले आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले. धाकटे बंधू संजय यांनी मात्र संगणकाचे शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दुरुस्तीसाठी येणारे अनेक संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. संजय यांनी ते विषाणू शोधून काढणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच १९९५ साली 'क्विक हील' हा अँटिव्हायरस जन्मास आला. २००७ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले. हा इतिहास अभिमानाचा आहे. तथापि एखादी वस्तू आपल्या गावची म्हणून नव्हे, तर आपल्या गरजेला उतरते म्हणून घ्यावी, हे काटकर बंधूंसारखे कारागीरही मान्य करतील.

अँटिव्हायरस हा संगणकाचा पहारेकरी होय. तो दोन रीतींनी काम करतो. त्याच्याजवळ ज्ञात विषाणूंच्या खुणांची एक यादी असते. आत येणारी प्रत्येक वस्तू तो त्या यादीशी ताडून पाहतो. चोरांची छायाचित्रे पोलीस चौकीत लावलेली असतात ना, तसेच हे. परंतु नव्या चोराचे छायाचित्र चौकीत कोठून असणार? म्हणून तो वर्तनावरही नजर ठेवतो. एखादी आज्ञावली एकाएकी शेकडो कागदपत्रे बदलू लागली, तर ती यादीत नसली तरी तो तिला अडवतो. संशयित वस्तू तो लगेच नष्ट करीत नाही. साथीतल्या रोग्याप्रमाणे तिला वेगळी ठेवतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पहारा फुकट होत नाही. प्रत्येक वस्तू तपासायची म्हणजे संगणकाची शक्ती, स्मृती आणि वेळ खर्च होणारच. नव्या, सशक्त संगणकाला हा भार जाणवत नाही. जुना मात्र त्याखाली दबतो. त्यातून एका दारावर दोन पहारेकरी बसवले, तर तीच वस्तू दोघेही तपासतात, एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि कधी कधी परस्परांवरच संशय घेतात. घर सुरक्षित तर होत नाहीच, उलट घरच्या माणसालाच आत जाता येत नाही.

भाच्याच्या घरी असेच झाले असावे, असा माझा तर्क होता. पण तर्कावर विसंबून चालत नाही. सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की ते आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारतात. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी. आकडा पाहावा आणि मगच सामान हलवावे. संगणकातही असे मापन करता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. कोणती आज्ञावली किती शक्ती, किती स्मृती व किती चकती वापरते, हे तेथे आकड्यांत दिसते. आम्ही पाहिले, तर कोणी काही काम करीत नसतानाही चकतीचा वापर १०० टक्के होता. यादीत अगदी वर दोन्ही अँटिव्हायरस होते.

आम्ही सर्वांत आधी हिशेबाची आणि छायाचित्रांची प्रत वेगळ्या चकतीवर काढून घेतली. नंतर तिन्ही अँटिव्हायरस काढावयास घेतले. पहिले दोन निमूटपणे गेले. तिसरा काही केल्या जाईना! विंडोज प्रणालीत २०१२ पासून स्वतःचा एक अँटिव्हायरस असतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढला की पुन्हा पहाऱ्यावर येतो. त्याच्याकडून आम्ही संपूर्ण तपासणी करविली. त्या संगणकात विषाणू सापडला तो एकच आणि तो म्हणजे हा तिसरा अँटिव्हायरस! 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' अशी भीती घालून चोरानेच पहारेकऱ्याचा वेष घेतला होता आणि मुलाने आपल्या हाताने त्याला दार उघडले होते.

मग अँटिव्हायरस निवडावा कसा? मुलाने वही आणली आणि आम्ही चार गोष्टी लिहून काढल्या. पहिली, पहारेकरी एकच असावा. प्रणालीबरोबर आलेला अँटिव्हायरस घरच्या कामाला पुष्कळदा पुरतो. दुसरी, अधिक सोयींसाठी दुसरा घ्यावयाचा, तर त्याची परीक्षा कोणी केली आहे का ते पाहावे. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' ही संस्था प्रत्येक अँटिव्हायरसला संरक्षण, वेग आणि वापरातील सुलभता यांसाठी प्रत्येकी सहांपैकी गुण देते. संगणक जुना असेल, तर वेगाचे गुण अवश्य पाहावेत. कारण फार भार टाकणारा पहारेकरी लोक कंटाळून बंद करतात आणि बंद पहारा म्हणजे उघडे दार. तिसरी, तो निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. एकाएकी पडद्यावर उगवलेल्या सूचनेवर बोट ठेवू नये. घरातील मोठ्यांना दाखवावे. चौथी, त्याची मुदत केव्हा संपते ते लिहून ठेवावे. कारण जुन्या यादीत नवा चोर नसतो.

पहारेकरी चांगला असला तरी भिंतीला भगदाड असू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या उणिवेतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती वेळेवर करून घेतली नाही, त्यांच्यापैकी अनेकांना फटका बसला. म्हणून प्रणालीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी विसरू नये.

संध्याकाळपर्यंत भाच्याचा संगणक बराच चपळ झाला. उरलेली मंदता विषाणूची नव्हती, वयाची होती. पुढे त्यात थोडी स्मृती वाढवली आणि फिरत्या चकतीऐवजी नवी एसएसडी बसवली, तेव्हा तीही गेली. हिशेबाचा एक आकडाही हरवला नाही.

रात्री जेवताना मुलाने आपण होऊन सगळी हकीकत वडिलांना सांगितली. भाचा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "२०१९ च्या महापुरात दुकानातल्या वह्या भिजून लगदा झाल्या. माडीवर ठेवलेल्या तेवढ्या वाचल्या. या हिशेबाची अशी वरची प्रत मी कधी काढलीच नव्हती. चूक तुझ्या एकट्याची नाही." त्या दिवसापासून दर रविवारी हिशेबाची प्रत काढून कपाटात ठेवण्याचे काम त्या मुलाकडे आले.

मुलांनो, पहारेकरी निवडणे हे शहाणपणाचे काम खरे. परंतु दाराची कडी शेवटी घरातल्या माणसाच्याच हातात असते. भीतीने घाई करू नये, मापल्याशिवाय निदान करू नये आणि चूक झाली तर लपवू नये. एवढे जो करतो, त्याच्या घरी एकच पहारेकरी पुरतो.