मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता : एक परिचय

अंगात ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मनाला ताप आला की मात्र आधी अंगारा लागतो, मग लपवाछपवी सुरू होते आणि दवाखाना सर्वांत शेवटी आठवतो. आष्टी तालुक्यातील खेड्यांतून मी लहानपणापासून हेच पाहत आले आहे. दवाखान्यात डॉक्टर औषध देतात. परंतु औषधाच्या पुढचे काम करणारीही एक व्यक्ती असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तिचा परिचय करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

तिला ‘मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ रोगाचे निदान करून औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, मानसोपचार करतो. सामाजिक कार्यकर्ता रोग्याबरोबरच त्याचे घर, कर्ज, शेजार आणि कामधंदाही पाहतो. घरच्यांकडून पूर्ववृत्तांत घेणे, हा आजार बाहेरची बाधा नव्हे आणि कुणाचे पापही नव्हे हे समजावणे, रोग्याचे व कुटुंबाचे समुपदेशन, गृहभेट, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शन, ही सारी त्याची कामे.

याचे मोल मला घरातच कळले. माझे मोठे बाबा आजारी पडले, तेव्हा त्यांना शहरातील दवाखान्यात नेले. गोळ्यांनी झोप लागली, बडबड थांबली. बरे वाटते म्हणून दोन महिन्यांत गोळ्या बंद झाल्या. त्या किती दिवस घ्यायच्या, मध्येच सोडल्या तर काय होते, हे घरच्यांना कुणी बसून सांगितलेच नव्हते. ऐन कापूस वेचणीत आजार उलटला आणि वावर तसेच पडून राहिले.

हे काम जगात नवे नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयात १९०५ साली रुग्णांसाठी समाजकार्य सुरू झाले. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याची नेमणूक झाली.

आता पात्रतेविषयी. अमेरिकेत एम.एस.डब्ल्यू.नंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करून आणि परीक्षा देऊन राज्याचा परवाना मिळवावा लागतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर रुग्णालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशी पात्रता आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही या कार्यकर्त्यांचा समावेश झाला. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली, तरी या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली गेली. म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षीचा नियम अवश्य पाहावा. बी.ए. झालेल्यांना एम.एस.डब्ल्यू.साठी नागपूरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय जवळ पडतात.

म्हणजे बी.ए.नंतर आणखी चार वर्षे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हा हिशेब मांडला तेव्हा बाबा म्हणाले, “चार वर्सं? तेवढ्यात तं संत्र्याचं झाड फळाले येते!” मी म्हटले, “तसंच समजा, बाबा.” ते हसले, पण पैशाचा प्रश्न हसण्याने सुटत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

तरीही हे शिक्षण घेणारी माणसे आपल्याच भागातून निघायला हवीत. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वर्धा होता. विष घेऊन वाचलेल्या माणसाबद्दल पोलिसांच्या भीतीने खोटे सांगितले जाते. वास्तविक २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावयाचे असतात. हे त्याच्या घरच्यांना आपल्या बोलीत सांगणारा कोणी तरी पाहिजे.

१९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकृती सामाजिक कार्यकर्त्याचे पद असते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. वाचक मित्रमैत्रिणींनो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि घरचे कुणी दवाखान्यात असेल, तर औषधाची चिठ्ठी घेऊन लगेच परत फिरू नका. ‘येथे सामाजिक कार्यकर्ता आहे काय?’ एवढे जरूर विचारा.