चोक मोजायचाय? मग आधी वजाबाकी शिका

मागच्या भागात तबकडी नेमबाजीबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की शॉटगनचा चोक नक्की मोजतात कसा आणि त्यासाठी कुठलं साधन घ्यावं. हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण माझी रोजीरोटीच मोजमापाची आहे. भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी इन्स्पेक्शन बघतो. आणि तरीही याच बाबतीत मी एकदा जोरदार आपटणार होतो. ते आधी सांगतो.

माझ्या मित्राकडे आजोबांची जुनी दुनळी बारा बोअर आहे. लायसन्स त्याच्या नावावर आहे, क्लबात तो तबकड्यांवर सराव करतो. उजवी नळी फार घट्ट वाटते म्हणाला. मी माझा डिजिटल व्हर्नियर काढला. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची दोघांनी खात्री केली, आणि ही पायरी कधीच गाळायची नाही. मग नळीचं तोंड मोजलं : १७.८ मिलिमीटर. बारा बोअर म्हणजे १८.५, हे मला पाठ. फरक ०.७. मी ऐटीत सांगितलं, "तुझा चोक तीन चतुर्थांश आहे. अर्धा हवा असेल तर ०.२ उघडून घे."

चुकलो होतो. कसं, ते कळायला चोक म्हणजे काय ते बघू.

नळीचं तोंड आतल्या भागापेक्षा किंचित अरुंद असतं. त्यामुळे छर्रे बाहेर पडल्यावर कमी पसरतात. हे अरुंद होणं म्हणजे चोक. म्हणजे चोक हा तोंडाचा व्यास नाहीच. आतला व्यास वजा तोंडाचा व्यास, ही वजाबाकी म्हणजे चोक. बारा बोअरमध्ये ढोबळमानाने पाव चोक ०.२५, अर्धा ०.५ आणि फुल साधारण १ मिलिमीटर.

आता ते १८.५ कुठून आलं? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर एका गोळ्याचा व्यास तेवढा भरतो. हे झालं पुस्तकातलं माप. प्रत्यक्षात जुन्या नळ्या १८.३ च्या सापडतात, आणि काही आधुनिक बंदुकांची बोअर मुद्दाम १८.७-१८.८ ठेवलेली असते. तोंड तेच १७.८, पण एकीत चोक ०.५ आणि दुसरीत १.० !

माझी चूक ती होती. मी तोंड मोजलं आणि बोअर गृहीत धरली. कारण व्हर्नियरचे आतले जबडे जेमतेम दीड सेंटिमीटर आत जातात, आणि मला बोअर हवी होती चोकच्या मागे, तोंडापासून पंधरा सेंटिमीटर आत.

मग साधन कुठलं? एकेक घेऊ.

पहिलं, निमुळतं चोक गेज. तोंडात सोडायचं, जिथे अडेल तिथलं नाव वाचायचं. स्वस्त आणि झटपट. पण हेही बोअर गृहीतच धरतं. म्हणजे माझीच चूक, फक्त पितळेत घडवलेली.

दुसरं, व्हर्नियर. स्क्रीनवर ०.०१ दिसतं म्हणून तितकं अचूक समजू नका, त्याची खरी चूक ०.०२-०.०३ असते. वजाबाकीत दोन मापं येतात, म्हणजे चूकही दोनदा शिरते.

तिसरं, टेलिस्कोपिक गेज आणि सोबत बाहेरचा मायक्रोमीटर. हात बसलेला असेल तर छान. पण एक गंमत आहे. तोंडाकडून आत घालून बोअरच्या मापाला लॉक केलंत, तर ते अरुंद चोकमधून बाहेरच येणार नाही! बोअरसाठी ते मागून, चेंबरच्या बाजूने घालावं लागतं, आणि तिथून त्याची दांडी जेमतेम पुरते.

चौथं, डायल बोअर गेज. उत्तम साधन, पण घेताना रेंज बघा. बाजारात सर्रास मिळणारे संच १०-१८.५ आणि १८-३५ असे असतात. आपली बारा बोअर नेमकी या सांध्यावर येते. १८-३५ चा घेतलात तर बोअर मोजाल, फुल चोक नाही.

पाचवं, तीन टेकूंचा आतला मायक्रोमीटर, १६-२० रेंजचा, सोबत एक्स्टेन्शन आणि रिंग गेज. तीन टेकूंमुळे तो आपोआप मध्यावर बसतो, माप आत असतानाच वाचता येतं, मग टेकू मिटून बाहेर काढायचा. महाग आहे. म्हणून विकत घेण्याआधी ओळखीच्या टूलरूममध्ये विचारा. बंदुकांसाठीच बनवलेलं लांब दांडीचं बोअर गेज मिळालं, तर काम आणखी सोपं.

थोडक्यात, साधन निवडताना चार प्रश्न विचारा. चोकच्या मागे पोचतं का? आत असताना वाचता येतं का? दोन्ही मापं रेंजमध्ये बसतात का? आणि रिंग गेजवर ताडून बघता येतं का? शिवाय नळी आधी साफ करा. शिसं आणि प्लॅस्टिकचा थर असेल तर तुम्ही तोच मोजाल.

मित्राच्या नळीचं काय झालं? सुदैवाने बंदूक कारागिराकडे जाण्याआधी मी कारखान्यातून मायक्रोमीटर मागून आणला. बोअर निघाली १८.३. म्हणजे चोक आधीच अर्धा होता. माझं ऐकून ०.२ उघडला असता, तर ०.३ उरला असता. घासलेलं पोलाद परत लावता येत नाही हो. आणि ती बंदूक आजोबांची.

मग ती घट्ट का वाटत होती? ते मायक्रोमीटर सांगत नाही. त्यासाठी ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावायचा आणि ३० इंची वर्तुळात किती टक्के छर्रे बसले ते मोजायचे. अर्ध्या चोकला ६० च्या आसपास, फुलला ७० धरतात. मित्राने काडतुसं बदलून बघितली, आणि वेगळ्या काडतुसाने पसारा मनासारखा आला. नळीला हातही लावावा लागला नाही.

तेव्हापासून कुणी मला एकच आकडा सांगून "चोक किती?" असं विचारलं, की मी म्हणतो, दुसरा आकडा आण, मग बोलू. चला, भेटू पुढच्या भागात.