सेऊलला निघालेल्या पोरांमागचं काम

जागतिक युवा दिनाचा पुढचा आंतरराष्ट्रीय मेळावा ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या दिवसांत सेऊलला भरणार आहे. नावात ‘दिन’ असला तरी हा कार्यक्रम आठवडाभर चालतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुरू केलेल्या या मेळाव्याच्या शेवटच्या मिस्सेला २०२३ साली लिस्बनमध्ये सुमारे १५ लाख लोक होते. एवढ्या गर्दीत वसईच्या एखाद्या धर्मग्रामातली दहा-बारा पोरं जाणार असतील, तर घरच्यांनी आणि धर्मग्रामानं नेमकं काय करायचं?

पैशांची चर्चा सगळ्यात आधी सुरू होते आणि ती सगळ्यात सोपी असते. खाद्यजत्रा भरते, सुकेळी विकली जातात, परदेशातले नातेवाईक हातभार लावतात. मात्र प्रत्येकानं थोडी रक्कम स्वतः कमवावी आणि उरलेली एकाच सामायिक खात्यातून सगळ्यांना सारखी मिळावी. कुणाच्या वडिलांनी किती दिले, हे गटात कुणाला कळायचं कारण नाही.

खरी अडचण येते व्हिसाशी. तरुण, अविवाहित, नोकरी नसलेला अर्जदार पाहिला की परत येईल ना, ही शंका अधिकाऱ्याला येणारच. तिचं उत्तर कागदांनी द्यायचं असतं. कॉलेजचं बोनाफाईड, नोकरी असेल तर रजेचं पत्र, पालकांचे बँकेचे आणि आयकराचे कागद, सोबत आयोजकांचं आणि धर्मप्रांताचं पत्र. पासपोर्टवर ‘डिसोझा’ आणि मार्कशीटवर ‘डिसुझा’ असेल, तर ती दुरुस्ती वर्षभर आधीच हाती घ्या. खात्यात आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. ती मदतीऐवजी संशयच वाढवते. ऑगस्टमध्ये कॉलेज ऐन भरात असतं, म्हणून हजेरीसाठी प्राचार्यांना आधीच लेखी कळवलेलं बरं. हे सगळं फादरांवर ढकलू नये. बँकेत किंवा कचेरीत आयुष्य गेलेले निवृत्त काका-मावशी गावात असतातच. प्रत्येकाची फाईल तपासायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही.

आता तिथला दिनक्रम. मुक्काम शाळेच्या वर्गात, सभागृहात किंवा एखाद्या कुटुंबाकडे असतो. सकाळी भाषेनुसार गट करून धर्मशिक्षण, दुपारी संगीत, प्रदर्शनं, पापनिवेदन. शनिवारी मोकळ्या मैदानावर जागरण, तिथंच झोपायचं आणि रविवारी मिस्सा. २०११ साली माद्रिदला याच जागरणाच्या रात्री वादळी पाऊस कोसळला होता. कोरियातला ऑगस्टही दमट आणि तापलेला असतो. २०२३ मध्ये तिथल्या सेमांगम इथं भरलेल्या जागतिक स्काउट मेळाव्यात शेकडो मुलं उन्हानं आजारी पडली आणि पुढे वादळाच्या भीतीनं तळ हलवावा लागला. वसईकराला उकाडा नवा नाही, पण दिवसभर सावलीविना मैलोन्मैल चालायची सवय आपल्या पोरांना आता कुठे राहिली आहे? दोन महिने आधीपासून रोज चालवा, आणि तेही त्याच बुटांत. ओआरएसची पाकिटं, पातळ रेनकोट, नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी एवढं प्रत्येकाकडे हवंच. लोणच्याची बरणी मात्र चेक-इनच्या बॅगेत.

अठराच्या आतली मुलं असतील तर सोबत एक स्त्री आणि एक पुरुष असे जबाबदार मोठे हवेत, आणि मुलांच्या खोलीत मोठ्यांनी झोपू नये. मैदानावर लाखो फोन एकदम सुरू झाले की नेटवर्क बसतं, म्हणून चुकल्यास भेटायची जागा रोज सकाळी ठरवावी. मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. घरच्यांनी दिवसातून एका निरोपावर समाधान मानावं. दर तासाला व्हिडिओ कॉल मागणाऱ्या आईमुळे पोरगं गटात असून नसल्यासारखं होतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांना माईकपुढे उभं करू नका. आधी झोपू द्या. खर्चाचा हिशेब तेवढा महिन्याभरात नोटीस बोर्डावर लागावा.

आणि ज्यांचा व्हिसा नाकारला गेला त्यांचं काय? २०२१ पासून धर्मप्रांतांचा स्वतःचा युवा दिन ख्रिस्तराजाच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाकडे असतो. २०२७ मध्ये तो २१ नोव्हेंबरला येईल. त्याच्या आखणीसाठी पहिली बैठक बोलवाल तेव्हा सेऊलहून आलेल्यांच्या आधी या मुलांना फोन करा.