एकच प्लग ओला की चारही?

मारुती जिप्सी आली तेव्हा कार्ब्युरेटरवर चालायची. 2000 सालाच्या सुमारास तिला 1298 सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन मिळालं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारं. जुनी जिप्सी जपलेले काही हौशी मालक आरटीओची परवानगी काढून हे इंजिन आपल्या गाडीत बसवून घेतात. मग कधीतरी गाडी काळा धूर ओकू लागते आणि गॅरेजात निदान ठरलेलं असतं: इंजेक्टर उघडा अडकलाय. असेलही. पण इंजिन बदललेल्या गाडीत हीच लक्षणं देणारे इतरही बरेच जण असतात.

गैरसमज: काळा धूर आणि पेट्रोलचा वास, म्हणजे इंजेक्टरच.

वस्तुस्थिती: चारही इंजेक्टर एकाच वेळी अडकणं दुर्मीळ. म्हणून आधी चारही प्लग काढून ओळीने मांडा. तीन कोरडे, तपकिरी आणि एक काळा, ओलाचिंब असेल तर संशय त्या एका सिलिंडरवर. मात्र तिथे ठिणगी पडते ना, हे पाहा. ठिणगी नसली तरी प्लग भिजतोच. चारही काळे असतील तर दोष सगळ्यांचा सामाईक आहे. जुनी रिटर्न नळी बारीक किंवा तुंबलेली असेल तर जादा पेट्रोल टाकीत परतत नाही आणि रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब चढतो. प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल तर व्हॅक्यूमच्या नळीतून पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. तापमानाचा चुकीचा सेन्सर बसला असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, तापलेलं इंजिनही थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो.

गैरसमज: इंजेक्टर कचऱ्यानेच अडकतो. साफ केला की झालं.

वस्तुस्थिती: जुन्या टाकीतला गंज इंजेक्टरच्या सुईखाली अडकतो हे खरं. पण इंजेक्टर विजेमुळेही उघडा राहतो. चावी ऑन केली की त्याला बारा व्होल्ट मिळतात. त्याची अर्थ जोडायची-तोडायची, हे काम ईसीयूचं. जोड दिलेल्या वायरिंगमध्ये ही अर्थची वायर कुठे सोलवटून बॉडीला टेकली, तर चावी ऑन करताच इंजेक्टर उघडतो. ईसीयूतला ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाला तरी तेच. बहुतेक इंजेक्टरांचा रोध 12 ते 16 ओहम असतो, काहींचा जेमतेम 2 ते 3. जास्त रोधासाठी बनवलेल्या ईसीयूला कमी रोधाचे इंजेक्टर जोडले तर हा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

तपासणी सोपी आहे. इंजेक्टरचा कनेक्टर काढून त्यात नॉइड लाइट, म्हणजे इंजेक्टरच्या जागी लावायचा चाचणीचा दिवा, लावा. नुसती चावी ऑन असताना दिवा बंद हवा, स्टार्टर मारताना लुकलुकायला हवा. सतत पेटलेला राहिला तर दोष वायरीत किंवा ईसीयूत आहे. इंजेक्टर कितीही धुतलात तरी उपयोग नाही.

गैरसमज: इंजिन बंद केल्यावर रेलचा दाब घसरला, म्हणजे इंजेक्टर गळतोय.

वस्तुस्थिती: एमपीएफआयला साधारण 3 बार दाब लागतो, म्हणून नवा इलेक्ट्रिक पंप बसवलेला असतो. दाब तिथूनही निसटू शकतो, पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधून. रबरी रिटर्न नळी क्लॅम्पने दाबल्यावर घसरण थांबली तर रेग्युलेटर दोषी. पुरवठ्याची नळी दाबल्यावर थांबली तर पंप. दोन्ही दाबूनही प्रेशर गेजचा काटा उतरतोय आणि बाहेर कुठे गळती नाही, तर इंजेक्टर. कोणता, ते पाहायला इंजेक्टरसकट रेल वर काढा, इंजेक्टर तारेने बांधून घ्या, प्रत्येकाखाली बाटली धरा आणि चावी ऑन करा. चांगला इंजेक्टर कोरडा राहतो. हे काम उघड्यावर, इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढून आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करा.

गैरसमज: स्कॅनर लावला की सगळं कळतं.

वस्तुस्थिती: गंजाने सुई अडकलेल्या इंजेक्टरची कॉइल ठणठणीत असते, त्यामुळे सर्किटचा कोड येत नाही. मिश्रण फार जाड झाल्याचं किंवा मिसफायरचं दाखवेल. का, ते नाही. त्यात अशा गाड्यांत चेक लाइटची वायर बऱ्याचदा जोडलेलीच नसते.

गैरसमज: थोडं पेट्रोल जास्त जळेल, मायलेज घटेल, बाकी काय होणार?

वस्तुस्थिती: जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल न घालताही पट्टीवरची पातळी चढली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नका. त्याहून वाईट म्हणजे उभ्या गाडीचा सिलिंडरच पेट्रोलने भरणं. द्रव दाबला जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. स्टार्टर धप्पकन अडकला तर पुन्हा चावी फिरवू नका, आधी प्लग काढा. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

प्लगचा पाना, नॉइड लाइट, प्रेशर गेज, दोन क्लॅम्प आणि चार बाटल्या, एवढ्यात हे निदान होतं. इंजेक्टरचा नवा सेट त्यानंतर मागवा, आणि मागवताना ओहम जुळवून घ्या.